डाव्या दाराची फट

सोमवार, २३ जानेवारी १९६७. बोईसर

आलो एकदाचा. हातोड्यांची पेटी, अंथरुणाची वळकटी आणि मी, तिघंही धडधाकट उतरलो. स्टेशनाबाहेर गवताच्या वखारी, एकीला लागून एक. सगळं गवत दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जातं. रस्त्यावर तारापूरकडे चाललेले खडीचे ट्रक. तिकडे वीजघराचं बांधकाम जोरात आहे. ट्रकवाले हिंदीत ओरडतात, गवतवाले आपल्या बोलीत, आणि मी दोघांनाही आमच्या येवल्याकडच्या मराठीत उत्तर देतो. जागा आवडली मला.

वामनशेठ स्वतः घ्यायला आले होते. घर पालघरला, वखार इथे, शिवाय कुंभवलीच्या बाजूला दगडाची खदान. वीजघराला खडी तेच पुरवतात. गोड बोलणारा माणूस. मला 'पुंजाराम मिस्त्री' असं पूर्ण नावाने हाक मारतात. एस.टी.च्या डेपोत बारा वर्षं बसचा पत्रा ठोकताना 'ए डेंटर' ऐकलेल्या कानांना बरं वाटलं.

डेपोचा विषय निघाला म्हणून लिहून टाकतो. दार वाकडं लागलेली बस साहेबाला पास करून हवी होती. मी सही केली नाही. त्याने मला घरी बसवलं. मंगला म्हणाली, एवढा ताठा कशाला, तीन पोरं आहेत. मी म्हटलं, वाकड्या दाराला मी सरळ म्हणणार नाही, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप. ती दोन दिवस बोलली नाही. पण निघताना पेटीत तिळाचे लाडू ठेवलेले सापडले.

आणि गाडी! वखारीचा अर्धा भाग गासड्यांनी भरलेला आणि उरलेल्या अर्ध्यात ताडपत्रीखाली ती उभी. १९३९ सालची अमेरिकन गाडी, दोन दारांची, टप मागे दुमडणारी. रंग मरून. कुठल्याशा संस्थानिकाच्या लिलावात शेठनी घेतलेली. अशाच गाड्यांवर मी सोळाव्या वर्षी संस्थानाच्या मोटारखान्यात काम शिकलो. ताडपत्री ओढली तेव्हा डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

काम असं: डावीकडचा ठोका काढायचा, दारं-बॉनेट जुळवायचं, आणि मरूनवर क्रीम रंग. सध्या पौष, त्यामुळे लग्नं नाहीत. वसंत पंचमीला, १४ फेब्रुवारीला, शेठच्या मुलाचं लग्न, आणि वरात याच गाडीतून. तीन आठवडे पुष्कळ झाले.

मंगळवार, २४ जानेवारी

आमच्या उस्तादांचा नियम होता, आधी वही, मग हातोडी. पत्र्याला हात लावण्याआधी प्रत्येक माप लिहायचं. म्हणून तर मी रोजनिशी ठेवतो, नाहीतर सातवी पास माणसाला कसली आली रोजनिशी.

डावं पुढचं मडगार्ड: खड्डा अठरा इंच लांब, खोल जागी अडीच इंच, जमिनीपासून सव्वीस इंचांवर. डावा दिवा फुटलेला, त्याची कड आत वळलेली. बॉनेटची डावी कड एक इंच उचललेली. वर बॉनेटवर आणखी एक उथळ बशीएवढा खड्डा. चारही बाजूंनी आकृती काढून ठेवली.

शेठ म्हणाले, दिवाळीनंतर मासवणच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली. मी म्हटलं, म्हशीच्या मानाने ठोका खाली आहे, रेडकू असेल. ते हसले, म्हणाले, असेल. मीही हसलो.

एकच कटकट, गवताचा भुसा. ओल्या रंगावर एक काडी बसली की सगळा हात वाया. रोज तीनदा जमिनीवर पाणी मारावं लागणार. शेठनी त्यासाठी वखारीतली नवसी दिली आहे. मासवणच्या बाजूची, तिशीतली, कामाला वाघ. पण पाणी मारताना गाडीकडे पाठ करून मारते. मी म्हटलं, बाई, गाडी चावत नाही. ती पुढच्या बादलीला गेली.

शुक्रवार, २७ जानेवारी

ठोका गेला! काल झेंडावंदनाची सुट्टी होती तरी मी ठोकत होतो. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा, वरून हातोडी, आणि कानाने ऐकायचं. पत्रा सरळ झाला की आवाज बदलतो. आज दुपारी आवाज बदलला. तळहात फिरवला, कुठे खाच नाही, उंचवटा नाही. सबंध ठाणे जिल्ह्यातल्या डेंटरांना बोलवा, म्हणावं, दाखवा इथे कधी काही लागलं होतं ते.

वर लांबीचा लेप भरला, घासला, अस्तराचा रंग दिला. दिव्याची कड पेट्रोलने स्वच्छ धुतली. आत काळं काहीतरी वाळून बसलं होतं.

जेवताना नवसी पहिल्यांदा आपणहून बोलली. तिची धाकटी बहीण पारूही इथेच गासड्या बांधायची. दिवाळीनंतर एका संध्याकाळी कामावरून निघाली ती घरी पोचलीच नाही. लोक म्हणतात वीटभट्टीच्या मुकादमाबरोबर गुजरातेत गेली. नवसीला ते पटत नाही. म्हणाली, "आमची पारू सांगल्याबिगर नाय जायाची, मिस्त्री. पानी आनाया गेली तरी सांगून जायाची." मी म्हटलं, होळीला येईल बघ परत. दुसरं काय म्हणणार? ती उठून गेली.

मंगळवार, ३१ जानेवारी

दारं. आता खरी परीक्षा. डोक्यावर पक्कं छप्पर असलेली गाडी ताठ असते. उघड्या गाडीला वरून धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून माणसं बसली की मधोमध किंचित दबते आणि दारांच्या फटी अरुंद होतात. रिकाम्या गाडीत दारं जुळवली तर वरातीत नवरानवरी बसताच दार अडकणार. म्हणून उस्ताद सांगायचे, उघड्या गाडीची दारं माणसं बसवून जुळवायची. माणसं नसतील तर रेतीची पोती.

वखारीच्या काट्यावर वजन करून साठ-साठ किलोची दोन पोती दोन्ही सीटवर ठेवली. बिजागऱ्या सैल केल्या, पातळ चकत्या घातल्या, काढल्या. फटीचं माप म्हणजे माझे दोन राणीछाप रुपये, एकावर एक धरून. फटीत ते ना अडकावेत, ना खुळखुळावेत. चार वाजता दोन्ही दारं जुळली. मग पोती काढली. वजन गेलं की फटी सैल व्हायला हव्यात. उजवीकडची झाली, रुपये खुळखुळले.

डावीकडची झाली नाही.

पोतं काढून खाली ठेवलेलं, सीट रिकामी, आणि रुपये फटीत घट्टच. पुन्हा पोतं ठेवलं, पुन्हा काढलं. तेच. ठोक्याने खालची चौकट वाकली असणार. उद्या गाडीखाली शिरून बघतो. पत्र्याने आजवर मला हरवलेलं नाही.

गुरुवार, २ फेब्रुवारी

चौकट सरळ आहे. दोन दिवस दोरी लावून मोजली. एका सुताचाही फरक नाही. सोडा, दाराकडे नंतर बघू.

क्रीमचा पहिला हात काल दिला. आज सकाळी येऊन बघतो तर डाव्या मडगार्डवर गुलाबी झाक. घाबरण्यासारखं काही नाही. खालचा मरून पातळ रंगात विरघळून वर येतो, हे प्रत्येक पेंटरला ठाऊक असतं. पण मग उजव्या मडगार्डवर का नाही? तोच मरून तिकडेही आहे. बॉनेटवरही फक्त त्या बशीएवढ्या खड्ड्याच्या जागी आली आहे.

चंदेरी रंगाचा बंद हात मारला, त्याच्यातून काही वर येत नाही. त्यावर क्रीम. दुपारी ऊन डोक्यावर असताना बघितलं. पुन्हा गुलाबी, आता जास्त गडद. हाताला ओलं लागत नाही, वासही नाही.

मी तिथेच मोठ्याने म्हणालो, माझ्या हातातून वर यायची छाती कोणाची आहे ते बघतो. नवसी दारात बादली घेऊन उभी होती. पाणी न मारताच गेली.

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज डोकं चालवलं. चौकट सरळ आणि तरी डावी फट अरुंद, तर डावीकडे वजन आहे. वजन आहे तर ते मोजता येईल. मी कशालाही भीत नाही, पण मोजल्याशिवाय राहतही नाही.

उजव्या सीटवर थोडी थोडी रेती ठेवत गेलो, आणि दर वेळी दोन्ही फटींत रुपये घालून बघितले. उजवी फट हळूहळू आवळत गेली. शेवटी दोन्ही फटी अगदी सारख्या झाल्या. म्हणजे जेवढं उजवीकडे, तेवढंच डावीकडे. उजवीकडची रेती काट्यावर नेली.

एक्केचाळीस किलो.

डाव्या सीटखाली हात घातला, स्प्रिंगा चाचपल्या, गादी उसवून बघितली. काथ्या आणि कापूस. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उजेडात, त्या रिकाम्या गादीच्या मधोमध खळगा होता. मी थाप मारून तो वर आणला. तळहात उचलला तसा तो पुन्हा बसला.

अशी चीड आली! म्हटलं, बस तर मग. काय बसायचं ते बस, दार मी तुझ्या मापाने लावतो. एक्केचाळीस किलो धरून डावं दार पुन्हा जुळवलं. रुपये न अडकता, न खुळखुळता सरकले. दार लोटलं, तर नव्या कपाटासारखं अल्लद बंद झालं. आयुष्यात इतकं सुरेख दार मी लावलेलं नाही.

रविवार, ५ फेब्रुवारी

डावं दार उघडत नाही. मूठ फिरते, खटका सुटल्याचा आवाज येतो, पण दार हलत नाही. फट चहूकडून सारखी आहे, कुठेही घासत नाही. आतून कोणी धरल्यासारखं.

मूर्ख मी. मीच तिथे जागा करून दिली. कोणाला, ते मात्र अजून लिहवत नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी

काट्याजवळच्या लाकडी खांबावर कोळशाने आकडे काढलेले आहेत. इतके दिवस वाटायचं गासड्यांचा हिशेब असेल. आज दिसलं, गासडी कधी पन्नासच्या आत नसते. हे आकडे छत्तीस, पंचेचाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस. प्रत्येकाशेजारी खूण. कुठे झाड, कुठे कोंबडी, कुठे फणी.

नवसीला विचारलं. पहिल्यांदा हसली. दिवाळीआधी काटा नवा बसवला तेव्हा बायका मजेने एकेक करून त्याच्यावर उभ्या राहिल्या होत्या. मुनीम आकडे लिहीत होता, आणि कोणीच लिहिलेलं वाचू शकत नाही म्हणून प्रत्येकीने आपली खूण काढली. कोंबडी तिची, पंचेचाळीस.

मी एक्केचाळीसवर बोट ठेवलं. शेजारी फणी.

"ती पारूची," नवसी म्हणाली. "केस लई व्हते तिचे. सारखी फनी घ्यायाची."

मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, तुम्हाला काय झालं मिस्त्री, पाणी देऊ का? मी तिला गाडीजवळ नेलं. सगळं सांगितलं, माप, वजन, दार, सगळं. वाटलं किंचाळेल. ती नाही किंचाळली. तिने डाव्या दारावर तळहात ठेवला. इतके दिवस पाठ का करत होतीस म्हणून मी विचारलं. म्हणाली, पारू दिसेनाशी झाली त्या सांजेला रस्त्यावर लाल गाडी बघितल्याचं गावातल्या दोघांनी सांगितलं होतं. सांगून काय उपयोग? शेठची गाडी, शेठचं काम. आणि पाठ केली तरी मानेवर कोणीतरी बघत असल्यासारखं वाटायचं.

जाताना म्हणाली, "ती कुटं हाय येवडं तरी कळाया होवं. मातीत घालाया होवं तिला. आय रोज भाकर झाकून ठेवते."

सव्वीस इंचांवर ठोका. म्हैस नव्हती. रेडकू नव्हतं. त्या उंचीवर माणसाची मांडी असते. आणि मी हसलो होतो. दिव्यातलं ते काळं मी पेट्रोलने धुतलं, आणि ठोका सबंध जिल्ह्याला दाखवण्याइतका सफाईदार काढला. माझ्याच हातांची किळस येते आहे.

बुधवार, ८ फेब्रुवारी

शेठ आले. तोंडावर विचारलं, म्हैस कोणाची होती? मालकाला भरपाई दिली असेल, नाव सांगा. ते आधी हसले. मग मी विचारलं, पारू मेली तेव्हा शेजारच्या सीटवर होती की रस्त्यावर?

हसू गेलं. तोंडातलं पान गिळलं त्यांनी. 'पुंजाराम मिस्त्री'चा एका क्षणात 'तू' झाला. तू बाहेरगावचा, तुझं कोण ऐकणार. वेडी बाई काहीतरी बोलते आणि तू वहीत लिहितोस. वसंत पंचमीला गाडी दारात उभी पाहिजे, नाहीतर या पट्ट्यात तुला कोणी हातोडी धरू देणार नाही.

मी म्हटलं, मला डेपोने हाकललं तेव्हा माझ्या हातोड्या माझ्याबरोबरच आल्या.

बोलताना ते गाडीच्या उजव्या बाजूला उभे होते. एकदाही डावीकडे आले नाहीत.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

पळून जावं असं मनात आलं, लिहिलंच पाहिजे. सकाळी वळकटी बांधली. आज सीटची स्प्रिंग वाजली — भर दिवसा, कोणीतरी कंटाळून कूस बदलावी तशी. दोनदा. वळकटी खांद्यावर घेऊन दारापर्यंत गेलो.

मग वळलो. वाकड्या दाराला सरळ म्हणायला नकार देऊन आलेला माणूस मी. इथे तर माणूस मारल्याचं लपवायला मीच रंग दिला.

ठरलं. माझ्याजवळ माप आहे. २४ तारखेचं पान आहे. जो ठोका मी काढला तो मीच परत घालणार, अठरा इंच लांब, अडीच इंच खोल, जमिनीपासून सव्वीस इंच. रंग खरवडून मरून वर आणणार. मग येऊ दे मासवणची माणसं, येऊ दे पोलीस. बघू दे ही म्हैस.

शनिवार, ११ फेब्रुवारी

झालं. दिवसभर ठोकलं.

सरळ पत्रा मुद्दाम वाकवायला हात तयार होत नव्हता. पहिला घाव घालताना डोळे मिटले. दुसऱ्या घावानंतर पत्रा आपणच आत गेला — मी मारला त्यापेक्षा जास्त. जणू वाट बघत होता. मोजलं. अडीच इंच. नेमके. बॉनेटवरची बशी तर मी हातोडी लावण्याआधीच —

नाही. लिहितो. हातोडी लावण्याआधीच ती उमटली होती.

नवसी गावाकडे गेली, माणसं आणायला. उद्या दुपारपर्यंत येतील. जाताना तिने डाव्या सीटवर भाकरी ठेवली. झाकून.

रविवार, १२ फेब्रुवारी

सकाळी दहा. शेठनी निरोप पाठवला, गाडी आहे तशी आज उचलणार. खदानीत नेऊन टाकणार असतील. मी गाडीत बसलो आहे, स्टिअरिंगमागे. मला उचलल्याशिवाय गाडी हलणार नाही. वही स्टिअरिंगवर टेकवून लिहितो.

शेजारी भाकरी आहे. खळगा आहे. मी त्याच्याकडे बघतो, नजर चुकवत नाही. डाव्या दाराच्या फटीत रुपये घालून ठेवलेत. बाई, मी म्हटलं, ठोका परत घातला. गार वाटतंय. बाहेर ऊन रणरणतंय.

अकरा. नवसी अजून नाही.

साडेअकरा. बाहेर जीप थांबली. शेठ एकटेच. दारातून ठोका बघितला आणि जागीच थबकले — हे कोणी केलं म्हणून विचारतात. मी म्हटलं, पहिल्यांदा तुम्ही. दुसऱ्यांदा मी.

वही मागतात. देणार नाही. त्यांच्यासमोर लिहितो आहे. लिहितच राहणार. पारू, राहणार मासवण, वजन एक्केचाळीस किलो —

स्प्रिंग वाजली. मोठ्याने. शेठनीही ऐकली.

डाव्या फटीतले रुपये आत, खाली पडले. आपोआप. फट मोकळी झाली — खळगा वर आला — गादी सपाट — ती उठली. ती सीटवर नाही.

शेठ ठोक्यासमोर उभे. मागे सरकता येत नाही त्यांना. मांडी धरून खाली बसले. कोणाशी तरी बोलतात, माझ्याशी नाही. मी लिहितो आहे, ते बोलतात तसं —

सोड म्हणतात. सांगतो म्हणतात. जिवंत होती. शेजारी बसवलं. पाणी मागत होती. दवाखान्यावरून गाडी नेली, थांबवली नाही. लोक विचारतील म्हणून. खदानीपर्यंत मागतच होती —

कुंभवलीची खदान. उत्तरेची कड. जुन्या पाण्याच्या टाकीमागे, खडीच्या ढिगाखाली.

नवसी, तुला वाचता येत नाही, कोणाकडून तरी वाचून घे. उत्तरेची कड. टाकीमागे. खडीच्या ढिगाखाली. मातीत घाला तिला.

शेठ पडलेत. हलत नाहीत. श्वास आहे की नाही इथून कळत नाही.

शांत झालं. ती गेली असेल.

रुपये उचलले. उजवीकडे, माझ्या दाराच्या फटीत घातले. मी बसलोय, साठ किलोचा. दोन्ही सरकायला हवेत —

एकच जातो. इकडे साठपेक्षा जास्त वजन आहे.

गाडी उघडी आहे. टप मागे आहे. दार नाही उघडलं तरी उडी मारली की सुटलो. मारणार नाही. पळालो तर तो ठोका मी काढलाच नव्हता असं होईल. काढला होता. दिवा मी धुतला. ते तिला ठाऊक आहे. परत घातला तोही मीच — ते ठाऊक आहे का तिला —

मांड्यांवर भार. गार. केस —

पारू, ऐक. मी इथेच बसलोय. लिहितोय, बघ. तुझी बहीण येतेय, रस्त्यावर माणसांचे आवाज येतायत, तोवर मी उठणार नाही आणि तूही —

रुपया. एकही जात नाही आता. फट —